ॲटनबरो: एका गढीचं आडनाव

१९२२ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने इंग्लंडच्या सर्वांत जुन्या राजांच्या कायद्यांचं एक पुस्तक छापलं. एका पानावर मूळ जुनं इंग्रजी, समोरच्या पानावर आजच्या इंग्रजीतलं भाषांतर. त्यात वेसेक्सचा राजा इनी याचं सातव्या शतकाच्या अखेरचं एक कलम आहे. कोणी दुसऱ्याच्या तटबंद घरात बळजबरीने घुसलं, तर त्याने भरपाई किती द्यायची, ते हे कलम ठरवतं. घर राजाचं किंवा बिशपचं असेल तर १२० शिलिंग, प्रांताधिकाऱ्याचं असेल तर ८०, राजाच्या पदरच्या सरदाराचं असेल तर ६० आणि जमीन बाळगणाऱ्या कुलीन माणसाचं असेल तर ३५. या गुन्ह्याचं नाव आहे ‘बुर्गब्रिचे’. त्यातल्या ‘ब्रिचे’चा अर्थ फोडणं आणि ‘बुर्ह’ किंवा ‘बुर्ग’ म्हणजे तट घातलेली वस्ती. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे, गढी. देशमुख-पाटलांची असते तशी.

या पुस्तकाच्या संपादकाचं नाव होतं फ्रेडरिक ॲटनबरो. त्या आडनावाच्या शेवटी जो ‘बरो’ आहे, तो हाच ‘बुर्ह’. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या गढीफोडीचे दर भाषांतरित करणाऱ्या माणसाच्या आडनावातच एक गढी होती. त्यांचे दोन मुलगे पुढे जगाला माहीत झाले. थोरला रिचर्ड, ज्याने १९८२ साली ‘गांधी’ हा चित्रपट केला, आणि मधला डेव्हिड, ज्याच्या आवाजात आपल्या दोन-तीन पिढ्यांनी जंगलं आणि समुद्र पाहिले. या दोघांमुळे हे आडनाव इतकं परिचयाचं झालंय, की ते इंग्लंडमधलं एक दुर्मीळ आडनाव आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. पण ते दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्यातून फार काही वाचता येतं. स्मिथ या आडनावाची माणसं ब्रिटनमध्ये पाच लाखांहून जास्त आहेत. गावोगावच्या लोहारांवरून ते नाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं, त्यामुळे समोरचा स्मिथ कुठला, हे नुसत्या नावावरून कुणालाच सांगता येत नाही. ॲटनबरोंचं मात्र सांगता येतं.

नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला सात-आठ किलोमीटरवर, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचं गाव आहे. ॲडा किंवा एडी अशा नावाच्या कुणा सॅक्सन माणसाची गढी, असा त्या गावाच्या नावाचा अर्थ स्थलनामांचे अभ्यासक लावतात. गढीचा मागमूस आता नाही. सेंट मेरीचं जुनं चर्च आहे. पहिल्या चार्ल्स राजाच्या मृत्युदंडाच्या आज्ञापत्रावर सही करणारा, क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन याच गावचा. १६११ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. याच चर्चच्या आवारात पहिल्या महायुद्धातल्या एका दुर्घटनेतल्या मृतांच्या सामुदायिक कबरी आहेत. शेजारच्या चिलवेल इथे तोफगोळ्यांत दारू भरण्याचा सरकारी कारखाना होता. १ जुलै १९१८ च्या संध्याकाळी तिथे स्फोट झाला आणि १३४ कामगार गेले. त्यांतल्या फक्त ३२ जणांची ओळख पटली. बाकीच्यांना नावाविनाच माती द्यावी लागली. ज्या गावाने एका घराण्याला सातशे वर्षं टिकेल असं नाव दिलं, त्याच गावाच्या मातीत शंभर माणसं निनावी झोपली आहेत. या गावाबद्दल वाचताना मला हे ओलांडून पुढे जाता येत नाही.

गावाच्या दक्षिणेला, नदीच्या बाजूने, पाणीच पाणी आहे. १९२९ पासून तिथे खडी आणि वाळू काढायचं काम सुरू झालं, खणलेल्या खड्ड्यांत पाणी भरलं, मधे बेटं उरली आणि पक्षी आले. १९६६ साली या जागेचं निसर्गराखीव क्षेत्र झालं. त्याचं उद्घाटन करायला डेव्हिड ॲटनबरोच आले होते.

आता गावाचं नाव माणसाला कसं चिकटलं ते पाहू. इंग्लंडमध्ये वंशपरंपरेने चालणारी आडनावं १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर आली. आधी बड्या जहागीरदारांनी ती घेतली, मग दक्षिणेतल्या शहरांतल्या सधन लोकांनी. तिथून ती खाली आणि उत्तरेकडे सरकत गेली, आणि १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांना बापाकडून मुलाकडे जाणारं आडनाव मिळालं होतं. कुणाचं आडनाव धंद्यावरून पडलं, कुणाचं बापाच्या नावावरून, कुणाचं अंगकाठीवरून किंवा खोडीवरून. आणि पुष्कळांचं गावावरून. गावावरून पडलेल्या आडनावाची गंमत मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मंगेशीत राहणाऱ्याला मंगेशकर म्हणून काय ओळखणार, तिथे सगळेच मंगेशीचे. दीनानाथांनी ते नाव लावलं ते गोव्याबाहेर नाटकमंडळीत नाव काढताना. तसंच ट्रेंटकाठी. ॲटनबरो गावात कुणी ‘ॲटनबरो’ नसणार. गाव सोडून जो दोन-चार कोसांवर दुसरीकडे जाऊन राहिला, त्याला तिथल्या लोकांनी ‘तो ॲटनबरोचा’ म्हणायला सुरुवात केली. गावावरचं आडनाव हे नेहमी गाव सोडल्याचा दाखला असतं.

मात्र या आडनावाची दुसरीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते, आणि ती मोठी मजेदार आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲटन’ किंवा ‘ॲटे’ म्हणजे ‘अमक्यापाशी’. माळापाशी राहणारा तो ‘ॲट ली’, म्हणजे ॲटली. १९४७ साली भारताला स्वातंत्र्य देणाऱ्या ब्रिटिश पंतप्रधानांचं आडनाव हे असं माळावरचं आहे. झाडाझुडपापाशी राहणारा तो ॲटवुड. या ‘ॲटन’मधला ‘न’ तर फार चंचल. ‘ॲटन ॲश’, म्हणजे ॲश झाडापाशी, हे घाईघाईने म्हणताना ‘न’ पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला आणि नॅश हे आडनाव तयार झालं. ‘ॲटन ओक’चं तसंच नोक्स झालं. मग ‘ॲटन बुर्ह’, गढीपाशी राहणारा, याचं ॲटनबरो का होऊ नये? असं असेल तर त्या एका गावाचा या आडनावाशी काही संबंधच उरत नाही. इंग्लंडभर जिथे जिथे गढी होती, तिथे तिथे हे आडनाव उगवू शकतं.

इथे व्याकरण साक्षीला येईल असं वाटतं. मराठीसारखीच जुन्या इंग्रजीत तीन लिंगं होती, आणि ‘ॲटन’ हे रूप पुल्लिंगी-नपुंसकलिंगी नामांबरोबर यायचं. स्त्रीलिंगी नामाबरोबर ‘ॲटर’. सेन्सबरी, कँटरबरी यांतला ‘बुर्ह’ आपल्या गढीसारखाच स्त्रीलिंगी, तेव्हा ‘ॲटर बुर्ह’ व्हायला हवं, ‘ॲटन’ नव्हे. पण ही साक्ष टिकत नाही. ‘ओक’ हे झाडही स्त्रीलिंगीच होतं आणि तरी नोक्स झालंच. आडनावं पक्की होण्याच्या काळात इंग्रजीतली लिंगं ढासळत आली होती. भाषा एवढ्यावर थांबते. पुढचं मोजदादीवर सोपवावं लागतं.

आडनावांची मोजदाद करणारा एक जुना माणूस म्हणजे हेन्री गप्पी. पेशाने डॉक्टर, आवडीने वनस्पती आणि बेटांचा अभ्यासक. १८९० साली त्याने ब्रिटनमधल्या आडनावांची मूळ घरं सांगणारं पुस्तक लिहिलं. त्याची युक्ती साधी होती आणि अजूनही मला ती अतिशय आवडते. त्याने फक्त शेतकऱ्यांची नावं मोजली. मजूर कामामागे फिरतो, व्यापारी बाजारामागे, पण शेतकरी जमिनीला बांधलेला असतो, म्हणून आडनाव मूळ जागी कुठे होतं ते त्याच्याकडून कळेल. आता अभ्यासकांच्या हाती १८८१ ची जनगणना आहे, घरोघरच्या नावांनिशी. आडनावांच्या २०१६ साली निघालेल्या ऑक्सफर्डच्या चार खंडांच्या कोशात ४५ हजारांहून जास्त आडनावं आहेत. प्रत्येकासाठी तेव्हा किती आणि आता किती असा हिशेब दिला आहे, आणि तेव्हाची माणसं कुठल्या परगण्यांत होती तेही.

१८८१ च्या नकाशावर ॲटनबरो आडनाव नॉटिंगहॅमशर आणि लगतच्या डर्बीशरमध्ये दाटलेलं दिसतं. बाकी इंग्लंडभर विरळ ठिपके. ‘गढीपाशी राहणारा’ असं अनेक ठिकाणी सुटं सुटं पडलेलं नाव असतं, तर नकाशा असा दिसला नसता. आणखी एक पुंजका लंडनमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये दागिने गहाण ठेवून पैसे देणाऱ्या पेढ्यांवर ॲटनबरो हे नाव झळकत असे. बाकीचे मात्र ट्रेंटच्या खोऱ्यातच राहिले. मोजे आणि लेस विणणाऱ्या, कोळसा काढणाऱ्या त्या पट्ट्यात पोटासाठी फार लांब जावं लागत नव्हतं. फ्रेडरिक ॲटनबरो यांचा जन्म १८८७ साली स्टेपलफर्डला झाला. तिथून ॲटनबरो गाव तासा-सव्वा तासाच्या पायपिटीवर आहे. सहाशे-सातशे वर्षांत आडनाव एवढंच अंतर चाललं होतं.

फ्रेडरिक १९३२ साली लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९५१ पर्यंत राहिले. रिचर्ड आणि डेव्हिड त्याच आवारात वाढले. कॉलेजचं पुढे विद्यापीठ झालं. त्याच लेस्टरमध्ये इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा विभाग उभा राहिला आणि १९६५ पासून परगण्यांच्या आडनावांची पाहणी सुरू झाली. त्याच लेस्टरमध्ये १९८४ च्या सप्टेंबरमध्ये ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत सापडली. आणि याच विद्यापीठात ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग या संशोधकांनी आडनावांची गाठ डीएनएशी घातली. तपासायला घेतलेल्या ४० आडनावांत त्यांच्या विद्यापीठाच्या जुन्या प्राचार्यांचंही आडनाव होतं.

कल्पना समजायला सोपी आहे. वाय गुणसूत्र फक्त पुरुषाकडे असतं आणि ते बापाकडून मुलाला, जवळजवळ जसंच्या तसं, मिळतं. इंग्लंडमध्ये आडनावही बापाकडून मुलाला मिळतं. दोन्ही एकाच वाटेने चालतात. मग एका आडनावाच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं तर आडनावाचा मूळ पुरुष एक की अनेक, ते कळलं पाहिजे. २००० साली ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या ४८ जणांवर हे करून पाहिलं होतं. त्यांतल्या २१ जणांचं गुणसूत्र एकाच ठेवणीचं निघालं. किंग आणि जॉबलिंग यांनी २००९ साली १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथांमध्ये काहीच साम्य नव्हतं. रस्त्यावरची कुठलीही माणसं गोळा करावीत तसे ते एकमेकांपासून वेगळे. आडनाव जसजसं दुर्मीळ, तसतसे त्याचे पुरुष एकाच ठेवणीचे. आणि ॲटनबरोंमध्ये, स्पेलिंगं निरनिराळी असली तरी, दहांतल्या जवळजवळ नऊ पुरुषांचं वाय गुणसूत्र एकच.

म्हणजे एकच मूळ पुरुष, असं म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. पण इथेच थांबून विचार करायला हवा, कारण खरी गोष्ट याहून खोल आहे.

याच्याशी जोडलेलं एक कोडं चार्ल्स डार्विनच्या आतेभावाला, फ्रान्सिस गॉल्टनला, १८७३ साली पडलं होतं. नामांकित घराणी एवढी का नष्ट होतात, असं त्याने विचारलं, आणि हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याबरोबर १८७४ साली त्याचं गणित मांडलं. आपण ते एका गावापुरतं करून पाहू. समजा एका आडनावाचे शंभर पुरुष आहेत, आणि सरासरी प्रत्येकाला एक मुलगा मोठा होऊन संसाराला लागतो. सरासरी एक, म्हणजे कुणाला तीन, कुणाला दोन, कुणाला एकही नाही. केवळ योगायोगाने पहिल्याच पिढीत शंभरांतल्या ३७ जणांची पुरुषवेल संपते. मुली असतात, नातवंडंही असतात, पण आडनाव थांबतं. दुसऱ्या पिढीअखेर ५३ वेली संपलेल्या असतात, तिसऱ्या पिढीअखेर ६३. विसाव्या पिढीत, म्हणजे साधारण सहाशे-सातशे वर्षांनी, शंभरांतल्या जेमतेम नऊ वेली उरतात. लोकसंख्या मात्र होती तेवढीच असते, कारण त्या नऊ वेलींनी बाकीच्यांची जागा भरलेली असते. कुणी शूर होता म्हणून टिकला नाही, कुणी पापी होता म्हणून बुडाला नाही. मुलगे झाले आणि जगले, एवढंच.

आता या गणितात १३४८-४९ चा प्लेग मिसळा, ज्याने इंग्लंडची तिसरा हिस्सा तरी माणसं नेली. आडनावं नुकतीच पक्की होत होती, तेवढ्यात हा घाला पडला. तेव्हा ॲटनबरो गावातून बाहेर पडलेले, एकमेकांचे कुणीही नसलेले, तीन-चार किंवा दहा जण ‘ॲटनबरोचे’ म्हणून ओळखले जात असतील, आणि त्यांतल्या एकाचीच वेल आज पसरलेली असेल. एकच वेल उरणं आणि एकच मूळ पुरुष असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाय गुणसूत्र आज कोण उरलं ते सांगतं. कितीजणांनी सुरुवात केली, ते सांगणं त्याच्या हातात नाही. किंग आणि जॉबलिंग यांनी हा फरक अगदी ठळकपणे मांडला आहे, आणि वंशावळींच्या आनंदात तो पुष्कळदा विसरला जातो.

उरलेल्या दहांतल्या एकाची गोष्टही माणसांचीच आहे. दत्तक मूल, आईच्या आडनावाने वाढलेलं अनौरस मूल, इस्टेटीसाठी मामाचं आडनाव लावणारा भाचा, आणि बापाला कधीच न कळलेलं गुपित. साइक्स यांच्या हिशेबात असं दर पिढीला शंभरांत एकाहून किंचित जास्त वेळा घडलं होतं. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण दर पिढीत शंभरांत एक वेळ जरी धागा निसटला, तरी वीस पिढ्यांनंतर शंभरांतले अठरा जण वेगळे पडायला हवेत. ॲटनबरोंमध्ये तेवढेही पडलेले नाहीत. त्या खोऱ्यातल्या, कुठल्याही बखरीत नसलेल्या घरांनी आपला धागा केवढा घट्ट धरून ठेवला होता!

त्याच्या शेजारी एक राजघराणं ठेवून पाहावं. २०१२ साली लेस्टरमध्ये एका वाहनतळाखाली तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला. त्याच्या डीएनएची तपासणी ट्युरी किंग यांनीच केली. आईकडून येणारा डीएनए हयात नातलगांशी जुळला आणि राजाची ओळख पटली. पण सरदारघराण्यांच्या छापील वंशावळींतून शोधून काढलेल्या, बापाकडून नातं लागणाऱ्या पाच हयात पुरुषांचं वाय गुणसूत्र राजाशी जुळलं नाही. पाचांतल्या एकाचं तर बाकी चौघांशीही जुळलं नाही. कागदावर अखंड असलेली ती वंशावळ मधे निदान दोन ठिकाणी तुटलेली होती.

दुर्मीळ आडनाव कधी कधी फार लांबचंही सांगतं. लेस्टरच्याच गटाला २००७ साली पूर्व यॉर्कशरच्या रेव्हिस या दुर्मीळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी सात जणांत पश्चिम आफ्रिकेत आढळणारं वाय गुणसूत्र सापडलं. गेली दोनशेहून जास्त वर्षं यॉर्कशरचे असलेल्या या गोऱ्या घरांचा कुणी एक पूर्वज आफ्रिकेतून आलेला होता. स्मिथांच्या गर्दीत ही खूण कुणाच्या नजरेसही पडली नसती.

ॲटनबरो हे आडनाव आपल्याकडे आलं ते रिचर्ड यांच्या ‘गांधी’मुळे. ऑस्करच्या यादीत दिग्दर्शकाच्या रकान्यात त्या वर्षी ट्रेंटकाठच्या गढीचं नाव लागलं. पण हे आडनाव सर्वांत लांब गेलं ते डेव्हिड यांच्यामागून, आणि लॅटिन होऊन. नवी प्रजाती सापडली की अभ्यासक आदरापोटी तिला त्यांचं नाव देतात, आणि लॅटिनच्या रीतीने शेवटी षष्ठीचा प्रत्यय लागतो. ‘ॲटनबरोघाय’ म्हणजे ॲटनबरोचा. न्यू गिनीच्या सायक्लोप्स डोंगरातला अंडी घालणारा एक काटेरी सस्तन प्राणी १९९८ साली असा नावारूपाला आला. १९६१ नंतर कुणा शास्त्रज्ञाला तो दिसलाच नव्हता. २०२३ साली ऑक्सफर्डच्या मोहिमेने जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांत, शेवटच्या दिवशी, शेवटच्या मेमरी कार्डावर तो चालताना सापडला.

आणि २०१८ साली केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत राहणाऱ्या एका सरड्याचं शास्त्रीय नाव ठरलं, ‘सिटाना ॲटनबरोघाय’. बोटभर लांबीचा, मातकट रंगाचा. मादी जवळ आली की नर मागच्या पायांवर उंच होतो आणि गळ्याखालची झालर पंख्यासारखी उघडतो.